काळ्या पडद्यामागें

(नभोवाणीवरून केलेलें भाषण)

श्रोतेहो, घरांतली एखादी वस्तु निकामी झाली हें ठरविण्याचा अधिकार कोणाचा, असा प्रश्न आपण सहसा विचारीत नाहीं. दुकानदार सांगतो, आपण मान डोलावतों, आणि वस्तु माळ्यावर किंवा भंगारवाल्याकडे जाते. असाच निकाल माझ्या बहिणीच्या घरीं एका लॅपटॉपला मिळाला होता. तो निकाल चुकीचा होता हें कळावयास आम्हांला दीड महिना लागला. त्या दीड महिन्यांत मी जें शिकलों, तें आज आपणांपुढें ठेवावें असा विचार आहे.

लॅपटॉप २०१७ सालचा. त्यांत इंटेलचा सातव्या पिढीचा प्रोसेसर, आठ जीबी स्मृति, आणि चित्रें काढण्याचें यंत्र, म्हणजे ज्याला ग्राफिक्स म्हणतात तें, त्या प्रोसेसरच्याच पोटांत बसविलेलें. माझ्या भाचीचें महाविद्यालयाचें पहिलें वर्ष त्याच्यावरच चाललें होतें. पुढें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० ची नेहमींची आधार-सेवा संपली. विंडोज ११ च्या अटींत सातव्या पिढीचे बहुतेक प्रोसेसर बसत नाहींत. म्हणजे यंत्र धडधाकट, पण त्याला राहावयास घर उरलें नाहीं, अशी स्थिति झाली. नवा लॅपटॉप घ्यावा तर त्याच महिन्यांत वसतिगृहाचे पैसे भरावयाचे होते. तेव्हां मोठ्या रुबाबानें मीं सांगितलें, “काळजी करूं नका; आपण त्यावर लिनक्स चढवूं.”

लिनक्स हें नांव आपल्यापैकीं पुष्कळांनीं ऐकलें असेल. १९९१ सालीं हेलसिंकी येथील लिनस टॉरव्हाल्ड्‌स या विद्यार्थ्यानें ज्या कर्नलचा आरंभ केला, त्याच्याभोंवतीं जगांतील हजारों लोकांनीं उभारलेली ही प्रणाली आहे. ती विनामूल्य मिळते, आणि तिचें अंतरंग कोणालाहि उघडून पाहतां येतें. हा कर्नल पलटणींतला नव्हे, हें सांगावयास नकोच. परंतु यंत्रांतील प्रत्येक भागाला हुकूम देण्याचें काम तोहि करतोच.

एका रविवारीं मीं तें काम उरकलें. जुनें सारें पुसून टाकलें, लिनक्स बसविलें आणि लॅपटॉप पुन्हां सुरू केला. उत्पादकाचें चिन्ह क्षणभर पडद्यावर झळकलें, चार अक्षरें धांवत गेलीं, आणि पडदा काळाठिक्कर पडला. पंखा फिरत होता, कळफलकावरील दिवा लागत होता. पण पडद्यावर उजेडाचा ठिपकाहि नाहीं. दुसऱ्या दिवशीं तो लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानांत नेला. तेथील गृहस्थांनीं तो एकदां सुरू केला, एकदां बंद केला आणि निकाल दिला: “ग्राफिक्स गेलें. तें बोर्डावरच असतें. बोर्ड बदलण्यापेक्षां नवाच घ्या.”

बहीण कांहीं बोलली नाहीं. मात्र परततांना तिनें पिशवी माझ्या हातांतून आपल्या हातांत घेतली, एवढें मला आठवतें.

त्या रात्रीं एका स्नेह्यानें दूरध्वनीवरून तोडगा सांगितला. यंत्र सुरू होतांना जी यादी दिसते, तिच्यापाशीं थांबून ‘ई’ ही कळ दाबावयाची, आणि कर्नलला द्यावयाच्या सूचनांच्या ओळींत ‘नोमोडसेट’ हा एक शब्द वाढवावयाचा. मीं तसें केलें. पडदा उजळला! भाचीनें टाळी वाजविली. मीं विजयी मुद्रेनें तो शब्द कायमचा लिहून ठेवला आणि प्रकरण मिटलें असें समजून घरीं आलों.

प्रकरण मिटलें नव्हतें. आठवड्याभरांत तक्रारी येऊं लागल्या. व्याख्यानाचें चलच्चित्र लावलें कीं तें अडखळत चालावयाचें, ओंठ पुढें आणि आवाज मागें. पंखा सदोदित घोंघावणारा. मांडीवर लॅपटॉप ठेववत नाहीं इतका ऊन. पूर्वीं चार तास पुरणारी बॅटरी दोन तासांतच माना टाकणारी. पडद्याचा उजेड कमी-जास्त होईना. आम्हीं सर्वांनीं मिळून असें ठरविलें कीं, दुकानदार निम्मा तरी खरा होता. ग्राफिक्स मेलें नसलें तरी तें मरणपंथाला लागलें आहे. ही समजूत सोयीची होती, कारण तिच्यामुळें कोणालाच पुढें कांहीं शोधावें लागत नव्हतें.

महिन्याभरानें भाचीनेंच मला विचारलें, “मामा, या लॅपटॉपची माहिती उघडली तर ‘ग्राफिक्स’ या शब्दापुढें इंटेलचें नांवच येत नाहीं. ‘एलएलव्हीएम-पाइप’ असें कांहीं तरी येतें. हें कोणतें यंत्र हो?”

मीं उत्तर देण्यास तोंड उघडलें आणि मिटलें. कारण हें कोणतेंच यंत्र नव्हे. ग्राफिक्सचें यंत्र हाताशीं नसतांना तें काम प्रोसेसरकडूनच करून घेणाऱ्या एका प्रोग्रामचें तें नांव आहे. म्हणजे आमचें चित्र-यंत्र आजारी नव्हतें. तें महिनाभर निजून होतें, आणि त्याचें सारें ओझें दुसऱ्याच्या डोक्यावर होतें. आणि त्याला निजविणारा मीच होतों.

हें कसें घडतें तें समजण्यासाठीं या यंत्राची जागा नीट पाहिली पाहिजे. साधारण लॅपटॉपच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार केला तर वीस लाखांहून अधिक. हे सर्व ठिपके सेकंदाला साठ वेळां नव्यानें पाठवावे लागतात. म्हणजे सेकंदाला बारा कोटींवर ठिपके. हें काम इतकें एकसुरी आणि इतकें प्रचंड आहे कीं त्यासाठीं स्वतंत्र कारागीर ठेवणेंच शहाणपणाचें. पूर्वीं हा कारागीर वेगळ्या कार्डावर राहत असे. १९९९ सालच्या इंटेल ८१० या चिपसेटांत त्याला बोर्डावरील मुख्य चिपांपैकीं एकींत जागा मिळाली. २०१० सालीं तो प्रोसेसरच्या वेष्टणांत आला, आणि २०११ पासून इंटेलच्या प्रोसेसरांत सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर दोघांचा संसार सुरू झाला. एकत्र कुटुंबाचे जे फायदे-तोटे, तेच येथें. खर्च कमी, वीज कमी लागते. परंतु या कारागिराला स्वतःची स्मृति नसते. घराच्या सामाईक कोठारांतूनच त्याला आपला वांटा घ्यावा लागतो.

आतां लिनक्स आणि हा कारागीर यांच्यामध्यें दुभाष्यांची एक सांखळी असते. पहिला दुभाषी कर्नलच्या पदरचा असतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. इंटेलच्या अशा बहुतेक यंत्रांसाठीं त्याचें नांव ‘आय ९१५’ आहे. २००४ सालच्या एका चिपसेटावरून तें पडलें आणि पुढें पिढ्यान्‌पिढ्या तसेंच चालत आलें. अगदीं नव्या यंत्रांसाठीं ‘एक्सई’ नांवाचा दुसरा ड्रायव्हर २०२४ सालीं कर्नलमध्यें आला. पडद्यावर किती ठिपके, सेकंदाला किती वेळां, कोणत्या तारेनें पाठवावयाचे, हें ठरविणें हें या पहिल्या दुभाष्याचें काम. दुसरा दुवा फर्मवेअरचा. २०१५ पासूनच्या इंटेल यंत्रांत चित्र-यंत्राच्या आंतच लहान लहान कारभारी आहेत. त्यांना सुरुवातीसच एक छोटी फाइल वाचून दाखवावी लागते. ती मिळाली नाहीं तर पडदा बहुधा चालतो, पण वीज वाचविण्याची कला त्याला साधत नाहीं. तिसरा दुभाषी ‘मेसा’. ब्रायन पॉल यांनीं १९९३ सालीं सुरू केलेला हा प्रकल्प आहे. खेळ, नकाशे, न्याहाळक, खिडक्यांची हालचाल, हीं सारीं चित्रणाचीं कामें तो यंत्राच्या भाषेंत उतरवून देतो. यांपैकीं एक दुवा तुटला तरी यंत्र मुकें होतें. आणि बाहेरून पाहणाराला तें मेलेंच वाटतें.

मग ‘नोमोडसेट’ या शब्दानें काय केलें? पडद्याची मांडणी कर्नलनें स्वतः करावयाची ही पद्धति इंटेलच्या यंत्रांसाठीं मार्च २००९ मध्यें, कर्नलच्या २.६.२९ या आवृत्तींत, रूढ झाली. ‘नोमोडसेट’ म्हणजे “मांडणी करूं नकोस” असा हुकूम. तो मिळतांच आय ९१५ हा दुभाषी कामावर येतच नाहीं. यंत्र सुरू होतांना फर्मवेअरनें जें एक साधें चित्रफलक मांडून ठेवलेलें असतें, त्याच्यावरच सारें भागवावें लागतें. चित्र दिसतें, पण प्रत्येक रेषा प्रोसेसरला हातानें ओढावी लागते. म्हणून उष्णता, म्हणून पंखा, म्हणून अडखळणारें चलच्चित्र. उजेड कमी-जास्त करणें, बाहेरचा पडदा जोडणें, लॅपटॉप झांकून निजविणें, हींहि कामें बहुधा बंद पडतात, कारण तीं त्या दुभाष्याकडेच असतात.

श्रोतेहो, ‘नोमोडसेट’ ही कुबडी आहे. पाय मोडला असतां ती घ्यावी, तिच्या आधारानें वैद्याच्या दारापर्यंत जावें. परंतु कुबडी सांपडली म्हणजे पाय बरा झाला, असें मीं मानलें. ही माझी चूक. अशा तोडग्यांत हा धोका नेहमींच असतो कीं, ते लक्षण झांकतात आणि शोध थांबवितात.

मग आम्ही मामा-भाची पुन्हां बैठक मारून बसलों. पण या वेळीं साक्षीपुरावा घेऊन. क्रम असा ठेवला, आणि तो आपणांसहि उपयोगी पडावा.

पहिला प्रश्न: यंत्र जिवंत आहे काय? याचा पुरावा पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर होता. सुरू होतांना उत्पादकाचें चिन्ह पडद्यावर झळकत होतें. ज्याचें ग्राफिक्स गेलें त्याच्या पडद्यावर चिन्ह उमटेल कसें? दुकानांतील गृहस्थांनींहि तें पाहिलें होतें आणि मींहि. दोघांनींहि त्याची साक्ष घेतली नाहीं.

दुसरा प्रश्न: लिनक्सला तें यंत्र दिसतें काय, आणि दुभाषी कामावर आहे काय? यासाठीं ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा आहे. तिच्यापुढें उणे चिन्ह आणि ‘के’ हें अक्षर लिहिलें कीं प्रत्येक भागाचें नांव आणि त्याचा ड्रायव्हर यांची यादी समोर येते. आमच्या यादींत इंटेल एचडी ग्राफिक्स ६२० असें नांव स्वच्छ होतें. त्याच्याखालीं, उपलब्ध ड्रायव्हर ‘आय ९१५’ अशी ओळ होती. परंतु ‘सध्यां वापरांत असलेला ड्रायव्हर’ ही ओळच नव्हती. दुभाषी घरीं हजर, पण कामावर नाहीं. एवढ्या एका अनुपस्थित ओळीनें सारें प्रकरण उलगडलें.

तिसरा प्रश्न: कर्नलनें स्वतः काय लिहून ठेविलें आहे? तो प्रत्येक आरंभाची दैनंदिनी ठेवतो. तींत फर्मवेअरची फाइल सांपडली नाहीं अशी तक्रार असेल, तर तें फर्मवेअर वेगळें बसवावें लागतें. कांहीं लिनक्स-मंडळी केवळ पूर्ण खुल्या वस्तूच देण्याचा आग्रह धरीत, त्यामुळें पूर्वीं ही अडचण फार येई. डेबियननें १० जून २०२३ रोजीं काढलेल्या बाराव्या आवृत्तीपासून असें फर्मवेअर अधिकृत संचांत घातलें आहे. आमच्याकडे ही तक्रार नव्हती.

मग आम्हीं कुबडी काढली. ‘नोमोडसेट’ खोडलें आणि यंत्र सुरू केलें. पुन्हां काळा पडदा! क्षणभर वाटलें, दुकानदारच खरा. पण या वेळीं मला एक जुनी युक्ति आठवली. खोलींतले दिवे मालवले, विजेरी घेतली आणि तिचा झोत तिरपा पडद्यावर टाकला. भाची एकदम ओरडली, “मामा, अक्षरें आहेत!”

अक्षरें होतीं. अगदीं फिकट, पाण्याखालीं बुडलेल्या दगडांसारखीं, पण संपूर्ण पडदाभर चित्र होतें. लॅपटॉपचा असा पडदा स्वतः प्रकाशत नाहीं; त्याच्या मागें एक दिवा असतो, आणि पडदा त्या दिव्याचा उजेड गाळून चित्र दाखवितो. आमचें चित्र-यंत्र आपलें काम चोख करीत होतें; मागचा दिवा तेवढा विझलेला होता. खात्री करून घेण्यासाठीं लॅपटॉप घरच्या दूरदर्शन-संचाला तारेनें जोडला. तेथें तेंच चित्र स्वच्छ, रंगीत, डौलानें हललें. ग्राफिक्स गेलें हा निकाल त्या क्षणीं रद्द झाला.

उरला दिवा. त्याची सूत्रें एकाच वेळीं दोघांच्या हातांत असूं शकतात: एक यंत्राच्या मूळ फर्मवेअरकडे, दुसरें आय ९१५ कडे. कर्नलनें चुकीचें सूत्र धरलें तर आपण उजेड वाढविण्याची कळ कितीहि दाबली तरी ती भलतीकडेच जाते. यासाठीं सूचनांच्या ओळींत ‘एसीपीआय बॅकलाइट’ या नांवापुढें ‘नेटिव्ह’ असें लिहून, दिव्याचा कारभार थेट ग्राफिक्सच्या ड्रायव्हरकडे द्यावा असें सांगतां येतें. तें लिहिलें आणि यंत्र पुन्हां सुरू केलें. पडदा सकाळ झाल्याप्रमाणें उजळला. माहितीच्या पानावर आतां ‘मेसा इंटेल एचडी ग्राफिक्स ६२०’ असें नांव होतें. पंखा हळूं हळूं शांत झाला. व्याख्यानाचे ओंठ आणि आवाज एकत्र आले. मग ती ओळ सुरुवातीच्या यादीच्या मूळ फाइलींत लिहिली, यादी नव्यानें तयार करवली. आणि या वेळीं मात्र कां लिहिली तेंहि भाचीनें वहींत टिपून ठेवलें.

येथें मी थांबलों असतों तर आपणांस असें वाटेल कीं, चिकाटी असली म्हणजे सारें जमतें. तें खरें नाहीं, आणि तसें भासविणें अप्रामाणिकपणाचें होईल. दुभाषी तयार होण्यासाठीं त्या यंत्राची भाषा कोणीतरी सांगावी लागते. आपल्यापैकीं कित्येकांच्या घरीं पणजोबांच्या वेळचीं मोडी कागदपत्रें असतील. कागद शाबूत, शाई शाबूत, मजकूर आपल्याच मराठींतला. पण वाचणारा नसेल तर त्यांचा उपयोग काय? चित्र-यंत्राचेंहि असेंच आहे. मोडी निदान शिकतां येते. परंतु जिची मुळाक्षरेंच कोणी कुलपांत ठेविलीं आहेत, ती लिपि शिकावी कशी?

याचा दाखला थोड्याच वर्षांपूर्वींचा आहे. ऑगस्ट २००६ मध्यें इंटेलनें आपल्या ९६५ या चिपसेटासाठीं खुले ड्रायव्हर जाहीर केले, आणि लिनक्सच्या लोकांत असा लौकिक पसरला कीं, ग्राफिक्स इंटेलचें असलें म्हणजे चिंता नाहीं. पुढें २००८ सालीं लहान, स्वस्त लॅपटॉपांसाठीं ॲटम प्रोसेसरच्या जोडीला इंटेलचाच एक नवा चिपसेट आला. त्यांतील ग्राफिक्सला जीएमए ५०० असें नांव होतें. नांव घराण्याचें, पण आंतील गाभा इंग्लंडमधील इमॅजिनेशन टेक्नॉलॉजीज या कंपनीकडून परवान्यानें घेतलेला. त्याच्या भाषेचीं मुळाक्षरें प्रसिद्ध झालीं नव्हतीं. लिनक्ससाठीं एक बंद ड्रायव्हर मिळाला, तो ठराविक जुन्या आवृत्त्यांपुरता. लिनक्स पुढें गेलें, ड्रायव्हर मागें राहिला. आणि ज्यांनीं घराण्याच्या लौकिकावर विसंबून तीं यंत्रें घेतलीं, त्यांच्या पदरीं निराशा आली.

अखेर ॲलन कॉक्स या ख्यातनाम ब्रिटिश कर्नल-लेखकांनीं त्यासाठीं खुला ड्रायव्हर तयार केला. तो मे २०११ च्या २.६.३९ या आवृत्तींत उमेदवार म्हणून, आणि मार्च २०१२ च्या ३.३ या आवृत्तींत रीतसर घरांत घेतला गेला. त्यानें पडदा नीट मांडला, ठिपक्यांची संख्या बरोबर केली. परंतु वेगवान त्रिमितीय चित्रणाची किल्ली त्यांतहि नव्हती, कारण ती द्यावयाची ज्यांच्या हातीं होती त्यांनीं दिली नव्हती. एका माणसाचें कौशल्य किती दूर जाऊं शकतें आणि कोठें अडतें, हें या उदाहरणांत एकाच वेळीं दिसतें. याच्या उलट, एएमडीनें २००६ मध्यें एटीआय ही कंपनी घेतल्यावर २००७ पासून तिच्या चित्र-यंत्रांचीं कागदपत्रें खुलीं करण्यास आरंभ केला. आज त्या घराण्याचे ड्रायव्हर कर्नलबरोबरच येतात, याचें मूळ त्या निर्णयांत आहे.

म्हणून लॅपटॉप घेणाऱ्या आणि टाकूं पाहणाऱ्या, दोघांनाहि माझें थोडें सांगणें आहे. घेतांना बाहेरचें नांव पाहूं नका. ग्राफिक्सच्या चिपेचें नेमकें नांव विचारा, आणि तिचा ड्रायव्हर कर्नलबरोबर येतो कीं बाहेरून बंद पेटींत येतो, एवढें पाहा. कांहीं लॅपटॉपांत दोन चित्र-यंत्रें असतात, एक पोटांतलें आणि एक वेगळें. त्यांत पडद्याची तार बहुधा पोटांतल्या यंत्रालाच जोडलेली असते, म्हणून आधीं त्याची व्यवस्था लावावी आणि मग थोरल्याकडे वळावें. जुन्यावर लिनक्स बसविण्यापूर्वीं तें पेन-ड्राइव्हवरून नुसतें चालवून पाहावें. आंतलें कांहीं न पुसतां एका तासांत पडदा, उजेड, आवाज आणि झोंप या चारींची परीक्षा होते. मीं ही परीक्षा घेतली असती तर हें भाषण झालेंच नसतें. स्मृतीची एकच पट्टी असेल आणि दुसरीसाठीं खांच मोकळी असेल, तर जोडीची पट्टी बसवावी; पोटांतलें ग्राफिक्स सामाईक कोठारावर जगतें, आणि कोठाराला दोन दारें झालीं कीं त्याचा हात मोकळा होतो.

आणखी एक. या विषयांत सल्ला देणारे पुष्कळ आहेत, आणि बहुतेक सद्हेतूचे आहेत. परंतु सल्ल्यालाहि वय असतें. दहा-पंधरा वर्षांपूर्वीं इंटेलसाठीं एक स्वतंत्र पडदा-ड्रायव्हर बसवून त्याची फाइल हातानें लिहावी असें सांगत, आणि तेव्हां तें योग्यच होतें. आज तीच गोष्ट केली तर चालतें यंत्र अडखळूं लागण्याचा संभव आहे. म्हणून कोणताहि तोडगा लिहितांना तीन गोष्टी टिपाव्या: तो कधींचा आहे, तो नेमकें काय बंद करतो किंवा सुरू करतो, आणि तो परत काढावयाचा कसा. ‘नोमोडसेट’विषयीं दुसरा प्रश्न मीं पहिल्याच रात्रीं विचारला असता तर मुलीचा एक महिना वांचला असता.

तो लॅपटॉप आज चालूं आहे. तो कायमचा चालेल असें मी म्हणत नाहीं. त्याची बॅटरी थकली आहे आणि एक कळ रुसली आहे. पण तो जाईल तेव्हां त्याच्या स्वतःच्या कारणानें जाईल, कोणाच्या घाईनें नव्हे. मागच्या आठवड्यांत भाचीच्या वसतिगृहांतील एका मैत्रिणीच्या लॅपटॉपचा पडदा असाच काळा पडला. मीं दूरध्वनीवरून कांहीं सांगण्यापूर्वींच मला पलीकडून तिचा आवाज ऐकूं आला. ती मैत्रिणीला सांगत होती, “थांब, आधीं दिवा मालव. आणि विजेरी आण.”

श्रोतेहो, मला आज इतकेंच सांगावयाचें होतें.